ॲस्ट्रोफिजिक्समधे पीएचडीचा गाइड निवडताय? आधी त्याचं पब्लिकेशन रेकॉर्ड असं वाचा

मागच्या रविवारी सकाळी माझी भाची इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी आली, एका हातात पोह्यांची पुडी, सोबत सेव आणि जिरावणची वेगळी पुडी, आणि काखेत लॅपटॉप. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, ॲस्ट्रोफिजिक्समधेच पीएचडी करायची हे तिने कधीच ठरवून टाकलंय. तिने अकरा जणांची यादी काढली होती, पुण्याचे, बंगळूरचे, अहमदाबादचे, दोघं आपल्या इथल्या सिमरोलच्या आयआयटीतले. प्रत्येक नावापुढे एकच आकडा, गूगल स्कॉलरवरचा एच इंडेक्स, सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात वर. "आत्या, वरच्या तिघांनाच मेल करते, बरोबर ना?"

मी तिला म्हटलं आधी पोहे खा, मग आपण नीट बसू. कारण हेच मी तिच्या वयाची असताना केलं होतं. मी ज्यांच्याकडे गेले त्यांचं आणि त्या संस्थेचं नाव घेणार नाही, पण त्यांची सायटेशन्स (म्हणजे त्यांच्या पेपरांचे दुसऱ्या पेपरांत आलेले उल्लेख) पाच आकडी होती आणि मी फक्त तेवढंच बघितलं होतं. जॉइन झाल्यावर कळलं की ती जवळजवळ सगळी शेकडो लोकांच्या एका कोलॅबोरेशनची आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्याचं नाव पहिलं असलेला पेपर येऊन चार वर्षं झालीत. माझ्या पहिल्या पेपरचा ड्राफ्ट त्यांच्या टेबलावर चौदा महिने पडून होता. ही सगळी माहिती मी जॉइन व्हायच्या आधीही नेटवर फुकट उपलब्ध होती, मला वाचताच येत नव्हती. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, आमच्या घरी त्या दिवशी जसं जसं झालं त्याच क्रमाने.

सुरुवात एडीएसपासून करा, गूगल स्कॉलरपासून नको

खगोलशास्त्रवाल्यांचं नशीब चांगलं, आपल्या विषयाचं स्वतःचं असं ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम आहे, सगळे त्याला एडीएस म्हणतात. पैसा नासाचा, चालवतात हार्वर्ड-स्मिथसोनियनवाले, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. शोधायला पैसे नाहीत, लॉगिनही नको. जुन्यातले जुने पेपरसुद्धा स्कॅन करून ठेवलेत.

प्रत्येक पेपरला तिथे १९ अक्षरांचा एक कोड असतो, त्याला बिबकोड म्हणतात. तो एकदा वाचायला शिकलात की यादी नुसती डोळ्यांखालून घालूनही बरंच कळतं. पहिली चार अक्षरं म्हणजे साल, पुढची पाच जर्नलची, मग व्हॉल्यूम, मग पान, आणि शेवटचं एक अक्षर पहिल्या लेखकाच्या आडनावाचं. चंद्रशेखरांचा पांढऱ्या बटू ताऱ्यांच्या कमाल वस्तुमानाचा पेपर घ्या, साल १९३१, ॲस्ट्रोफिजिकल जर्नल, व्हॉल्यूम ७४, पान ८१, शेवटी सी. फक्त दोन पानांचा पेपर आहे तो, लेखक एकच. भाचीला मी तो उघडून दाखवला तेव्हा ती म्हणाली, एवढाच? हो, एवढाच.

नाव शोधणं वाटतं तेवढं सोपं नाही

सर्च बॉक्समधे लेखकाच्या फील्डमधे आडनाव, मग कॉमा, मग नाव, असं टाकायचं. आता तुम्ही "कुलकर्णी, एस" टाकलंत तर काय होईल विचार करा. कॅलटेकचे श्रीनिवास कुलकर्णी आहेत, जन्म कुरुंदवाडचा, १९८२ साली पहिला मिलिसेकंद पल्सार ज्या टीमने शोधला तिच्यातले. त्यांचे पेपर येतील, आणि त्यांच्यात मिसळून सुनील, संध्या, सचिन, सगळे कुलकर्णी येतील. जोशी, देशपांडे, पाटील, सगळ्यांची हीच गत. मराठी आडनावांच्या बाबतीत ही पायरी घाईत केली तर पुढचे सगळे आकडे चुकीचे.

म्हणून आधी पूर्ण नाव टाकून बघा. एडीएस स्वतःहून नावाची वेगवेगळी रूपं जोडून घेतं, ते नको असेल तर फील्डच्या आधी बरोबरचं चिन्ह (=) टाका. मग डावीकडच्या पट्टीत लेखकांच्या नावांवर क्लिक केलं की कुठल्या इनिशियलखाली किती पेपर आहेत ते दिसतं, आणि संस्थेनुसारही गाळता येतं. सगळ्यात चांगलं म्हणजे त्या माणसाचा ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, १६ आकडी असतो, बहुतेक जण वेबसाइटवर देतात, तो टाकून शोधा. पण ऑर्किडवर माणसाने स्वतः जेवढे पेपर क्लेम केलेत तेवढेच येतात, आळशी माणसाची यादी अर्धीच दिसणार, तर दोन्ही पद्धतीने शोधून आकडा जुळतो का बघा.

इथेच थांबून भाचीला एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही सांगते, विशेषतः मुलींना. तुमचं छापील नाव पहिल्या पेपरच्या आधी ठरवा. वडिलांच्या नावाचं इनिशियल लावायचं की नाही, आडनावाचं स्पेलिंग कसं, लग्नानंतर बदलणार का. माझे पहिले दोन पेपर माहेरच्या नावाने आहेत, पुढचे सासरच्या, आणि कॉलेजमधे प्रमोशनचा फॉर्म भरताना माझे दोन वेगवेगळे प्रोफाइल निघाले, ते एकत्र करून घ्यायला तीन महिने मेलामेली करावी लागली. नाव बदलायचं तर जरूर बदला, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ऑर्किड पहिल्या दिवशी काढा, त्याच्यात दुसरं नावही नोंदवता येतं, आणि एडीएसला कळवलं की दोन्ही नावं ते एकमेकांशी जोडून देतात. पाच मिनिटांचं काम आहे.

मग रेफ्रीडवर क्लिक करा, पण कोणासाठी ते बघून

भाचीच्या यादीतल्या एकाच्या नावावर ३०० च्या वर नोंदी आल्या आणि ती एकदम खूश. डावीकडे रेफ्रीड (म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासून मग छापलेले) असं लिहिलेलं असतं तिथे क्लिक केलं आणि राहिल्या सत्तर. बाकीच्या गेल्या कुठे? एडीएस सगळंच गोळा करतं. कॉन्फरन्सचे ॲब्स्ट्रॅक्ट, ॲस्ट्रोनॉमर्स टेलिग्राम नावाच्या झटपट सूचना, गॅमा किरणांच्या स्फोटांवरची जीसीएन सर्क्युलर, हबल आणि चंद्रा या अवकाश दुर्बिणींच्या ऑब्झर्विंग वेळेसाठी केलेले प्रपोजल, थिसिस. एवढंच काय, पेपरमधलं एखादं टेबल व्हिझिअर कॅटलॉगमधे गेलं की त्याचीसुद्धा वेगळी नोंद होते, म्हणजे एकच काम दोनदा दिसतं. यात कुणी फसवत नाही, डेटाबेसचं कामच ते आहे, पण "माझे ३०० पेपर आहेत" असं कुणी म्हणालं तर त्यातले रेफ्रीड किती हे आपण विचारायला हवं.

आता याची दुसरी बाजू, आणि ती मला खूप महत्त्वाची वाटते. जे लोक टेलिस्कोपची उपकरणं बनवतात, कॅमेरे, स्पेक्ट्रोग्राफ, डिटेक्टर, त्यांचं बरंच काम एसपीआयई नावाच्या संस्थेच्या कॉन्फरन्सच्या प्रोसीडिंगमधे छापून येतं आणि एडीएसमधे ते नॉन-रेफ्रीडमधे मोडतं. रेफ्रीडवर क्लिक केलंत की त्यांची दहा वर्षांची मेहनत पडद्यावरून गायब. तुम्हाला इन्स्ट्रुमेंटेशनमधे जायचं असेल तर हा फिल्टर लावूच नका, एकेक नोंद वाचा. ट्रान्झिएंटवाल्यांचंही थोडं तसंच, आकाशात काहीतरी फुटलं की पहिल्या तासात टेलिग्राम पाठवणारा ग्रुप म्हणजे रात्री जागणारा ग्रुप, हे त्यांच्या नॉन-रेफ्रीड यादीतूनच कळतं.

आकड्यांचं पान

यादी समोर असताना एक्सप्लोर नावाचं बटण आहे, त्यात सायटेशन मेट्रिक्स. क्लिक केलं की मोठं टेबल उघडतं, एक कॉलम सगळ्या नोंदींचा आणि एक फक्त रेफ्रीडचा. भाची हे बघून गांगरली, तर थोडक्यात सांगते.

एच इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढला. समजा एखाद्याचे नऊ पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन्स उतरत्या क्रमाने ४०, २२, १५, ९, ६, ५, ५, २, ०. वरून मोजत या. पाचव्या पेपरला ६ आहेत, म्हणजे पाच पेपर असे की प्रत्येकाला निदान पाच तरी सायटेशन. सहाव्याला ५ च, म्हणजे तिथे अडलं. एच झाला ५. आता पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४००० असते तरी एच ५ च. हे लक्षात ठेवा, कारण एखादा अफाट पेपर एच इंडेक्समधे दिसतच नाही. हिर्शने स्वतः म्हटलं होतं की २० वर्षांच्या कामानंतर एच २० म्हणजे यशस्वी शास्त्रज्ञ, ४० म्हणजे फार मोठा, ६० म्हणजे विरळाच. पण तो घन पदार्थांच्या भौतिकीतला माणूस, तिथे पेपरवर हजार नावं नसतात.

दुसरी गोष्ट, एच कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त झाला तरी वाढतच राहतो. म्हणून त्याच टेबलात एम असतो तो बघा, एच भागिले पहिल्या पेपरपासूनची वर्षं. तरुण प्राध्यापकाचा एच १५ आणि ज्येष्ठांचा ४५ असला तरी एम सारखाच निघू शकतो.

सेल्फ-सायटेशनचाही आकडा तिथे असतो, त्याच यादीतला पेपर त्याच यादीतल्या पेपरला साइट करतो तेव्हा तो धरतात. याला लगेच नाक मुरडू नका, एकाच ताऱ्यावर पंधरा वर्षं काम करणारा माणूस स्वतःच्या आधीच्या पेपरला साइट करणारच. निम्म्याच्या वर गेलं तर मात्र थांबून बघा.

आणि एक आकडा ज्याच्याकडे कुणी बघत नाही, नॉर्मलाइज्ड सायटेशन्स. प्रत्येक पेपरची सायटेशन्स त्या पेपरच्या लेखकसंख्येने भागायची आणि मग बेरीज करायची. मला स्वतःला सगळ्या टेबलात हाच आकडा सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण खरा गोंधळ आहे तो पुढच्या पायरीत.

हजार लेखकांचे पेपर बाजूला काढा

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या, जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या, आणि ऑक्टोबरमधे त्याचा एकत्रित पेपर आला त्यावर साडेतीन हजारांवर लेखक होते. आपल्या भारतातलेही बरेच. पेपर ऐतिहासिक, त्यात नाव असणं अभिमानाचं. पण एका पेपरची हजारो सायटेशन्स साडेतीन हजार लोकांच्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्णच्या पूर्ण जमा होतात. पहिलं नाव अ‍ॅबट दिसतं म्हणून त्या बाईंनी किंवा बुवांनी सगळं केलं असंही नाही, लायगोची, म्हणजे या लहरी पकडणाऱ्या प्रकल्पाची, यादी आडनावाच्या आद्याक्षराने लागते.

तर करायचं काय? एडीएसमधे लेखकसंख्येची एक फील्ड आहे, ऑथर काउंट, तिथे १ ते १० अशी रेंज टाकायची. म्हणजे दहापेक्षा जास्त लेखक असलेले पेपर गळून पडतात. मग मेट्रिक्स पुन्हा काढा. भाचीच्या यादीत सगळ्यात वर जे नाव होतं त्यांचा एच साठच्या पुढे होता, हे केल्यावर चौदा. आणि नवव्या नंबरवर ज्या बाई होत्या, एच १९, त्यांचा झाला सतरा. ती काही बोलली नाही, वहीत लिहून घेतलं फक्त.

तरीपण मी तिला लगेच सांगितलं की वरच्या सरांना यादीतून काढू नकोस. कोलॅबोरेशनमधे काम करणारे लोक डेटा ॲनालिसिसचं कोड लिहितात, डिटेक्टरच्या शिफ्ट करतात, आतले रिव्ह्यू करतात, आणि त्यातलं काहीही लेखकांच्या यादीत दिसत नाही. ज्याला मोठ्या टीममधे काम करायचंय त्याच्यासाठी ते सर उत्तमही असतील. ते आकड्यातून कळणार नाही, विचारावं लागेल, ते शेवटी सांगते.

सिद्धांतवाल्यांच्या काही शाखांमधे चार लेखकांच्या पेपरवरसुद्धा नावं आद्याक्षराने लावतात हेही ध्यानात ठेवा, आपटे पहिल्या आणि वैद्य शेवटच्या म्हणून काहीही ठरत नाही.

आता खरी गोष्ट: विद्यार्थ्यांची नावं शोधा

इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो, एकेका नावावर पाऊण तास. माझं म्हणणं असं आहे की गाइड निवडायचा असेल तर त्याच्या एच इंडेक्सपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांची नावं पेपरवर पहिल्या जागी किती वेळा येतात हे शंभर पटीने जास्त सांगतं.

ॲस्ट्रोफिजिक्समधे साधारण पद्धत अशी की ज्याने काम केलं तो पहिला, गाइड दुसरा किंवा जवळपास कुठेतरी. बायोलॉजीसारखं शेवटचं नाव म्हणजे बॉस असं पक्कं नाही. तर गाइडच्या नावाने मागच्या दहा वर्षांचे रेफ्रीड पेपर काढा, लेखक दहापर्यंत, तारखेने लावा आणि प्रत्येक पेपरचं पहिलं नाव वहीत लिहा. एकच नाव दोन-चारदा आलं की पेपर उघडा, ॲब्स्ट्रॅक्टच्या पानावर अफिलिएशन दाखवा असं बटण असतं ते दाबा. पत्ता गाइडचाच असेल आणि त्याआधी त्या नावाचा एकही पेपर नसेल तर तो बहुतेक त्यांचा विद्यार्थी. मग ते नाव वेगळं शोधा आणि पुढे पत्ता कुठे बदलला बघा. जो पहिला लेखक म्हणून शोधायचाय त्याच्या नावाआधी, अवतरणचिन्हांच्या आत, कॅरेटचं चिन्ह (^) टाकलं की फक्त पहिल्या लेखकाचे पेपर येतात, हे फार कामाचं आहे. थिसिस कधी आणि कुणाच्या हाताखाली झाला ते शोधगंगावरून ताडून बघता येतं, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं आहे ते.

भाचीने वहीत तीन रकाने आखले. पहिलं नाव कुणाचं, तेव्हा कुठे होता, आता कुठे आहे. नवव्या नंबरच्या बाईंच्या पानावर आठ वर्षांत चार विद्यार्थी सापडले, प्रत्येकाचे पहिल्या नावाने निदान दोन पेपर, एकीचे पाच, दोघं परदेशात पोस्टडॉक, एक कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत गेला असावा कारण थिसिसनंतर पेपर नाही, आणि चौथी अजून तिथेच. पहिल्या नंबरच्या पानावर दहा वर्षांत दोन नावं, दुसऱ्याचा शेवटचा पेपर सहा वर्षांपूर्वीचा. त्या पानाकडे बघून मला माझे चौदा महिने आठवले, खरंच सांगते.

मधेच गॅप दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नका. बाळंतपण असतं, आजारपण असतं, कुणी तीन वर्षं दुर्बीण उभारण्यात घालवतं, कुणी डीन होतं. गॅपच्या आधी आणि नंतर विद्यार्थी पेपर लिहीत होते का एवढं बघा.

सायटेशन कुठून आलं ते उघडून वाचा

सगळ्यांचं हे करणं शक्य नाही, शेवटच्या तिघा-चौघांचंच करा. त्यांनी स्वतः पहिल्या नावाने किंवा विद्यार्थ्याबरोबर लिहिलेल्या पेपरांपैकी जास्त साइट झालेले तीन घ्या. सायटेशन्सच्या टॅबवर जा, दहा पेपर उघडा, पीडीएफमधे गाइडचं आडनाव शोधा आणि ते वाक्य वाचा. प्रस्तावनेत आठ नावांच्या कंसात एक नाव कोंबलेलं असेल तर ते एक, आणि तिसऱ्या सेक्शनमधे "आम्ही यांची पद्धत वापरली" किंवा "आमचा निकाल यांच्याशी जुळत नाही" असं असेल तर ते फार वेगळं. दोन्ही एकेकच मोजले जातात.

मोजणीची गंमत आपल्याच लोकांच्या उदाहरणांनी नीट कळते. मेघनाद साहांचं १९२० सालचं आयनीकरणाचं समीकरण आज प्रत्येक ताऱ्याच्या वर्णपटात वापरतात, पण मूळ पेपर क्वचितच कुणी साइट करतं, नुसतं साहा समीकरण म्हणतात आणि पुढे जातात. उलट, जीएमआरटी ही पुण्याजवळची रेडिओ दुर्बीण वापरणारे जगभरचे लोक गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा पेपर साइट करतात, आणि तो आहे करंट सायन्समधे, बंगळूरहून निघणाऱ्या. इम्पॅक्ट फॅक्टर बघून जर्नल निवडणारा त्या अंकाकडे वळूनही बघणार नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलमधल्या मागच्या दोन वर्षांच्या लेखांना यावर्षी सरासरी किती सायटेशन्स मिळाली, बस, तुमच्या हातातल्या पेपरबद्दल तो काही सांगत नाही.

आणि वेळेचंही असतं. चुंबकीय क्षेत्रामुळे फिरत्या वायूत येणारी एक अस्थिरता, वेलिखॉव्हने १९५९ मधे आणि चंद्रशेखरांनी १९६० मधे मांडली, तीस वर्षं फार कुणी लक्ष दिलं नाही, मग १९९१ मधे बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं की कृष्णविवराभोवतीच्या तबकड्या याच कारणाने चालतात, आणि आज तो पाठ्यपुस्तकाचा भाग आहे. एडीएसमधे सायटेशनचा वर्षवार आलेख असतो, तो प्रत्येक पेपरचा बघायची सवय लावा. तीन वर्षं चढून पडलेला आलेख आणि दहा वर्षं हळूहळू चढत राहिलेला आलेख, मला दुसरा जास्त आवडतो.

तुलना करायची तर कुणाशी

कॉस्मॉलॉजीत, म्हणजे सगळ्या विश्वाच्या रचनेच्या अभ्यासात, माणसं जास्त, पेपर जास्त, सायटेशन्स भराभर. सूर्यावरचं उपकरण बनवणारा किंवा धूमकेतूंचा अभ्यास करणारा माणूस त्यांच्याशी तोलू नका. मी अशी युक्ती वापरते: गाइडचा एक पेपर घ्या, त्याच वर्षी त्याच विषयावर आलेले पेपर एडीएसमधे शोधा, सायटेशनने लावा, आणि आपला पेपर वरून कितवा ते बघा. त्याला मिळालेली २५ सायटेशन्स त्या विषयात पहिल्या दहातही असू शकतात. सॉफ्टवेअरचे आणि डेटा रिलीजचे पेपर वेगळे धरा, अ‍ॅस्ट्रोपायसारखं पॅकेज सगळेच वापरतात आणि सगळेच साइट करतात. नवीन पेपरचं पहिल्या दोन वर्षांतलं सायटेशन मी तर बघतही नाही.

बाकीच्या साइट्स

गूगल स्कॉलर सगळ्यात मोठा आकडा दाखवतो कारण थिसिस, रिपोर्ट, सगळंच धरतो, आणि दुसऱ्याचे पेपर प्रोफाइलमधे घुसलेले मी स्वतः पाहिलेत. गुरुत्वाकर्षण किंवा सैद्धांतिक कॉस्मॉलॉजी असेल तर इन्स्पायर बघा, तिथे सेल्फ-सायटेशन वगळून आकडा मिळतो. स्कोपस कॉलेजच्या फॉर्मसाठी लागतं, निवड करायला त्याची गरज नाही.

आर्काइव्हची सवय मात्र आजपासून लावा. १९९१ साली सुरू झालेली प्रीप्रिंटची साइट, आपल्या विषयातले जवळजवळ सगळे पेपर तिथे फुकट असतात. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचला, अमेरिकेत थंडी असली की साडेसहाला, आपल्याकडे नवी यादी पडते. ॲस्ट्रोफिजिक्सचे सहा भाग आहेत, आपला भाग रोज चहाबरोबर वाचा. महिनाभरात कुठला ग्रुप सतत काम करतोय हे आपोआप कळायला लागतं.

पैशाचाही प्रश्न आलाय आता. मंथली नोटिसेस हे जर्नल जानेवारी २०२४ पासून पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचायला सगळ्यांना फुकट, झालं आणि लेखकाला फी लागायला लागली, ॲस्ट्रोफिजिकल जर्नल २०२२ पासूनच ओपन ॲक्सेस आहे, तिथे फी मात्र आधीही होती. त्यामुळे एखादा भारतीय ग्रुप अचानक दुसऱ्या जर्नलमधे किंवा आपल्या जर्नल ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स अँड ॲस्ट्रॉनॉमीमधे छापायला लागला तर काम घसरलं असं समजू नका.

शेवटची पायरी, मेल

इथवर आल्यावर अकरातले तीन उरले, आणि ते वरचे तीन नव्हते. पण गाइडला मेल टाकायच्या आधी त्यांच्या विद्यार्थ्याला टाका, वहीत नावं आहेतच, पेपरवर मेल आयडी असतो. लांबलचक नको. मी भाचीला तीनच प्रश्न लिहायला लावले. ड्राफ्ट दिल्यावर सर किंवा मॅडम साधारण किती दिवसांत परत देतात? पहिला पेपर जॉइन झाल्यापासून कितव्या वर्षी निघाला? कोलॅबोरेशनमधे असाल तर तुमचं स्वतःचं म्हणता येईल असं काम त्यात कुठलं? आणि सुरुवातीला त्यांचा पेपर वाचून त्यातली एक गोष्ट विचारायची, खरंच वाचून, नुसतं "तुमचा पेपर आवडला" नको.

तिने नवव्या नंबरच्या बाईंच्या चौथ्या विद्यार्थिनीला लिहिलं, रात्री साडेदहाला, एका आकृतीतल्या एरर बारबद्दल विचारलं. गुरुवारी उत्तर आलं, मोठं. एरर बारचं आधी समजावलं होतं, एक जुना प्लॉटही जोडला होता. मग खाली तीन ओळी: ड्राफ्ट दोन आठवड्यांत परत येतो, लाल शाईने भरलेला. पहिला पेपर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. आणि पुढच्या महिन्यात मॅडमची सुट्टी आहे, तर मेल त्याआधी टाक.